साहेब घडवण्याची कवायत

आमचे आबा, म्हणजे हवालदार कडूबा औताडे, पलटणीतून निवृत्त होऊन घरी आले ते एक लोखंडी ट्रंक, एक काळी सतरंजी आणि एक शिट्टी घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली, सतरंजी आईनं अंथरायला घेतली आणि शिट्टी आमच्या नशिबी आली. रोज पहाटे ती वाजायची आणि माझा धाकटा भाऊ रामकिसन डोळे उघडायच्या आधीच अंथरुणाबाहेर उभा असायचा. मी उशी कानावर दाबून पडून राहायची.

"पोरीला शिस्त नाय," आबा आईला सांगायचे.

"तिला कुठं लढाईवर जायचंय?" आई चुलीपाशी बसून म्हणायची. आशाबाई तिचं नाव. घरात आबांना उलट उत्तर देणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि दोघींचंही आबा कधी मनावर घेत नसत.

आम्ही पडेगावला राहायचो. छावणी ओलांडून खुलताबादच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला आमची गल्ली. तेव्हा शहराला सगळे औरंगाबादच म्हणत. आबा वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक होते. ड्युटीवरून आले की खाकी उतरवून खुंटीला टांगायचे आणि लगेच रामकिसनला हाक मारायचे. त्यांची खरी ड्युटी तिथून सुरू व्हायची. रामकिसनला त्यांना साहेब करायचं होतं.

साहेब म्हणजे फौजेतला अधिकारी. एकदा आबांची नेमणूक खडकवासल्याच्या अकादमीत बंदोबस्ताला झाली होती. तिथं त्यांनी दोराच्या अलीकडून संचलन पाहिलं. मिसरूड फुटलेली पोरं कडक पांढऱ्या पट्ट्यांत चालत होती आणि मोठमोठे लोक त्यांच्याकडं कौतुकानं बघत होते. "उद्या ह्याच पोरान्ला मी सलाम ठोकणार व्हतो," आबा सांगायचे. "तवाच ठरवलं. माझा पोरगा दोराच्या आतमदी चालल." ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की आबा श्वास घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य आई म्हणून टाकायची.

रामकिसन नववीत गेला आणि तयारी सुरू झाली. दौलताबादच्या दिशेनं धावणं, दंडबैठका, बुटाला पॉलिश. पॉलिश असं की आबांना त्यात आपली मिशी दिसली पाहिजे. चादरीची घडी काटकोनात. जेवताना पाठ ताठ. गणित आणि इंग्रजीसाठी शहरात शिकवणी. इंग्रजी मीही घ्यायची त्याचं, मी तेव्हा कॉलेजात होते. पोरगा हुशार होता. एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागायचं नाही. पण तो स्वतःहून कधी एक प्रश्न विचारायचा नाही. "कळलं का?" म्हटलं तर "कळलं." "शंका?" म्हटलं तर "नाय." मी चिडून म्हणायची, "अरे, मी चुकीचं सांगितलं तरी तू मान हलवशील." त्यावरही तो मान हलवायचा.

ह्याचं कारण आबांचा नियम. साहेबानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आबांनी सगळी नोकरी ह्या नियमावर काढली होती आणि ती बिनडाग काढली होती, म्हणून तो त्यांना अगदी खरा वाटायचा. आबांनी आयुष्यभर साहेब पाहिले, पण खालून. साहेबाची इस्त्री त्यांना ठाऊक होती, चाल ठाऊक होती, हुकूम देतानाचा आवाजही ठाऊक होता. हुकूम द्यायच्या आधी साहेबाच्या डोक्यात काय चालतं, ते पाहायला त्यांना कोण जवळ उभं करणार? हे मला आज सुचतं. तेव्हा मला नुसता राग यायचा.

रामकिसनचा एकच मित्र होता, गयास. छावणीत अन्सारचाचांचं शिलाईचं दुकान होतं, वर्दी शिवायचे ते. गयास त्यांचा मुलगा. रामकिसन अकादमीची परीक्षा देतोय म्हटल्यावर त्यानंही ठरवलं, आपणही द्यायची. गयास धावायला उशिरा यायचा आणि आल्यावर रस्त्यावरून वाद घालायचा. "चाचा, ह्या रस्त्याला कुत्री लई हायेत. त्या बाजूनं जाऊ." आबा कपाळाला आठ्या घालायचे. "लई बोलतं पोरगं. ह्याला कोण घेतंय फौजेत?"

अन्सारचाचांचं दुकान म्हणजे भांडणाचा अड्डाच. कापड बेतताना चाचा खडू हातात धरून पोरांनाच विचारायचे, "बोलो, यहां से काटूं?" गयास म्हणायचा, "नक्को अब्बा, खांदा तंग होईंगा." मग दोघांची जुंपायची, आणि कधीकधी चाचा पोराचं ऐकायचेही. आबा एकदा तिथं पॅन्ट शिवायला गेले आणि हे सगळं बघून आले. "बापाला शिकवतंय," म्हणाले घरी येऊन. पण त्या दुकानात रामकिसन हसायचा, हे मी पाहिलं होतं. घरी तो क्वचितच हसायचा.

लेखी परीक्षा झाली की पुढं मुलाखतीचा बोर्ड असतो. पाच दिवस ठेवून घेतात आणि मैदानावर फळ्या, दोर, पिंपं देऊन पोरांची परीक्षा घेतात. हे आबांना कुणा साहेबाच्या ऑर्डर्लीकडून कळलं होतं. मग काय विचारता! घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर आबांनी अख्खं मैदान उभं केलं. कारखान्यातून खोक्यांच्या फळ्या आणल्या, तेलाची दोन रिकामी पिंपं आणली, विहिरीचा जुना दोर घेतला. चुन्यानं रेघा मारल्या, कडेला खुंट ठोकले. ह्या रेघेपासून त्या रेघेपर्यंत नदी समजायची, पाय टेकला की बुडाला. गल्लीतली माणसं संध्याकाळी बघायला जमायची.

आबा मधोमध उभे राहायचे. "फळी उचल! पिंपावर ठेव! दोर बांध! चल!" आणि रामकिसन वाऱ्यासारखा पलीकडं. एकदाही पाय टेकायचा नाही. लोक टाळ्या वाजवायचे, आबांची छाती फुगायची आणि मला वाटायचं, हा खरंच साहेब होणार.

एका संध्याकाळी मात्र आबांना पुढचा हुकूम द्यायला उशीर झाला. रामकिसन थोडा वेळ बघत राहिला. मग त्यानं फळी आडवी न टाकता तिरपी टाकली, दोराचा फास अलीकडच्या खुंटाला अडकवला आणि दुसऱ्या पिंपाला हात न लावता पलीकडं गेला. गयास ओरडला, "वाह रे पठ्ठे!" मीही टाळी वाजवली. रामकिसन वळला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की मला अजून तो तसाच दिसतो.

"इकडं ये," आबा म्हणाले. "मी असं सांगितलं व्हतं?"

"नाय, आबा."

"मंग?"

मी मध्ये पडले. "आबा, त्याचं बरोबरच होतं ना? लवकर गेला उलट."

"बरोबर असंल. पण सांगितलं व्हतं का मी? उद्या मैदानात आपल्या मनानं करायला लागला तर साहेब हाकलून देतील त्याला." मग रामकिसनला म्हणाले, "पुन्हा. मी सांगतो तसं." आणि त्यानं ते आबांनी सांगितलं तसं पुन्हा केलं, दिवे लागेपर्यंत केलं. त्यानंतर त्या प्लॉटवर त्याला दुसरं काही सुचलं असेल तरी ते आम्हाला दिसलं नाही.

बारावीत असताना दोघंही लेखी परीक्षा पास झाले. आबांनी गल्लीभर साखर वाटली. अन्सारचाचांनी दोघांना एकाच ताग्यातून कोट शिवले आणि शिलाई घ्यायला साफ नकार दिला. भोपाळचा बोर्ड होता, दोघांना एकाच वेळी बोलावणं. स्टेशनवर आबांनी रामकिसनची कॉलर नीट केली. "साहेब म्हणतील तसं करायचं. इचारल्याबिगर बोलायचं नाय. बस्स, एवढं केलं की जितला."

"व्हय, आबा," रामकिसन म्हणाला.

तो परत आला तेव्हा आबा फलाटावर कडक इस्त्रीत उभे होते. गयास आधी उतरला. त्याला आनंद लपवता येत नव्हता आणि रामकिसनसमोर तो दाखवताही येत नव्हता, म्हणून तो नुसताच बॅगा उतरवत राहिला. रामकिसननं आबांच्या पायाला हात लावला.

"नाय झालं, आबा."

"आन् ह्याचं?"

"गयासचं झालं."

आबा गयासकडं बघतच राहिले. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नाव काढलंस." मनातून म्हणाले. आबा खोटं कधी बोलले नाहीत.

चार दिवसांनी गयास पेढे घेऊन घरी आला. आबांनी त्याला खाटेवर बसवलं. "आता सांग. काय चुकलं ह्याचं? इंग्रजी कमी पडलं का?"

गयासनं रामकिसनकडं पाहिलं. रामकिसन दाराशी उभा होता. तो म्हणाला, "सांग. मला नाय सांगता येत."

"चाचा, इंग्रजी चांगलं व्हतं त्याचं," गयास म्हणाला. "मैदानावर साहेब कुणालाच लीडर करत नाय. नुसता सांगतो, ही फळी, हा दोर, हे पिंप, पलीकडं जावा. आन् बाजूला जाऊन उभा ऱ्हातो. मंग सगळी पोरं एकदम वरडायला लागली. मीबी वरडलो. रामकिसन फळी धरून उभा. एक म्हणला इकडं ठेव, त्यानं ठेवली. दुसरा म्हणला काढ, त्यानं काढली. आम्ही समदे मधीच आडकलो. तवा साहेब त्याच्याजवळ आला आन् इचारलं, तू का काय बोलत नाय?"

"मंग?" आबा पुढं वाकले.

"हा सावधान झाला. म्हणला, 'आय ॲम वेटिंग फॉर ऑर्डर्स, सर.'"

आबांना एवढं इंग्रजी कळत होतं.

"आन् चाचा, ह्याला समदं म्हाईत व्हतं! संध्याकाळी मेसच्या बाहेर काड्या मांडून दाखवलं मला. फळी तिरपी टाकायची, दोर इथं बांधायचा. पयल्यापासून ठाऊक व्हतं त्याला. मैं बोल्या, अरे फिर कायकू नै बोल्या? तर म्हणतो, कुणी इचारलं नाय."

आई आतून बाहेर आली आणि पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली.

"मंग एकेकाला कमांडर करत्यात," गयास पुढं सांगू लागला. त्याला वाटलं, ह्यानं तरी चाचांना बरं वाटेल. "त्यानं आपल्या मदतीला पोरं निवडायची. चाचा, समद्यांनी रामकिसनलाच बोलावलं. मीबी. त्याच्यावानी हात कुणाचाच नाय."

"समद्यांनी बोलावलं?" आबांच्या चेहऱ्यावर क्षणभर जुना अभिमान आला. मग तो तिथंच विझला. ते उठले आणि मागच्या प्लॉटवर गेले. मी खिडकीतून पाहिलं, ते पिंपावर बसले होते. एवढा ताठ माणूस, पण पाठीत बाक आला होता. मला त्यांचा इतकी वर्षं राग यायचा, त्या दिवशी पहिल्यांदा दया आली, आणि ती रागापेक्षा सहन व्हायला अवघड गेली.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली नाही. रामकिसन तरीही उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

वय अजून शिल्लक होतं, आणखी एकदा परीक्षा देता येत होती. आबांनी आठवडाभर विचार केला आणि त्यांना जमेल तोच उपाय काढला. संध्याकाळी रामकिसनला प्लॉटवर बोलावलं. "आता तू सांगायचं आन् मी करायचं. दे हुकूम."

रामकिसन उभा. "काय देऊ, आबा?"

"तेच तर तू सांगायचं, बाबा!"

"फळी... उचलायची का?"

"इचारू नको! सांग!"

"फळी उचला, आबा." आवाज एवढा बारीक की मला खिडकीत ऐकू आला नाही, ओठांवरून कळलं.

आबांनी फळी उचलली आणि मुद्दाम चुकीच्या जागी ठेवली. पोरगा काहीच बोलला नाही. आबा भडकले. "आरं, चुकीची ठेवली मी! वरड माझ्यावर! माझं ऐकायचं नाय, हा माझा हुकूम हाय!"

गल्लीतली माणसं हसली. मलाही आधी हसू आलं. रामकिसन मात्र तसाच उभा राहिला, हात मांडीला चिकटवून. हुकूम पाळावा तर हुकूम मोडायचा, आणि मोडावा तर पाळायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायलाही तो हात हलवत नव्हता. मग मला हसवेना.

तो पुन्हा भोपाळला गेला आणि पुन्हा परतला. ह्या वेळी काय झालं ते आबांनी विचारलं नाही. वय निघून गेलं. गयास तोवर खडकवासल्याला पोचला होता. सुट्टीत आला की आधी आमच्याकडं यायचा, आबांना अदबीनं भेटायचा. आबा त्याला अकादमीतलं सगळं विचारायचे, अगदी जेवणापासून. रामकिसन शेजारी बसून ऐकायचा. त्याला गयासचा हेवा वाटत नव्हता, हे मला शपथेवर सांगता येईल. वाटला असता तर बरं झालं असतं.

त्याच हिवाळ्यात छावणीच्या मैदानावर जवानांची भरती निघाली. रामकिसन कॉलेजात होता, त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. गल्लीतली पोरं निघाली आणि त्याला सोबत घेऊन गेली. दुपारी आबा आणि मी डबा घेऊन गेलो. कुंपणाबाहेर हजार माणसं. धावण्यात रामकिसन पहिला, इतका पुढं की दुसरा दिसतही नव्हता. पुलअप्समध्ये पहिला. खड्ड्यावरून उडी, तोल सांभाळून चालणं, सगळ्यात पहिला. सांगितलं की धावायचा, थांब म्हटलं की जागच्या जागी थांबायचा.

मैदानावर एक तरुण कॅप्टन होता, गयासपेक्षा फार मोठा नसेल. त्यानं रामकिसनला काही विचारलं आणि रामकिसननं कुंपणाकडं बोट दाखवलं. कॅप्टन चालत आला. आबांनी टाचा जुळवल्या.

"आपने तैयार किया इसको?"

"जी, साहेब. हवालदार कडूबा औताडे."

"कमाल है, हवालदार साहब. बना-बनाया जवान है. ऐसे लड़के हमें कहां मिलते हैं?" आणि त्यानं कुंपणावरून आबांचा हात हातात घेऊन हलवला.

"जी, साहेब," आबा म्हणाले. कॅप्टन पाठमोरा झाला तरी ते तसेच ताठ उभे राहिले. मग मला म्हणाले, "मंदा, डबा तू दे त्याला. मला जरा बसू दे."

ते कुंपणाशी मातीत बसले, इस्त्रीच्या पॅन्टनिशी. मी शेजारी बसले. "मीच केलं गं," ते म्हणाले. "माझ्यावानीच केला. दुसरं मला येतच नव्हतं." मी त्यांचा हात धरून बसले, आणि आबांनी तो काढून घेतला नाही.

संध्याकाळी घरी सगळी गल्ली लोटली. पहिला आला, पहिला आला! लोक गेल्यावर आईनं चहा टाकला आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते सरळ विचारलं.

"रामकिसन, तुला जायाचंय का रं फौजेत? का कालेज करायचंय? का दुसरंच काय मनात हाय?"

रामकिसननं आबांकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नको," आबा म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता, विनवणी होती. "तूच सांग. तू म्हणशील ते आपण करू. दुकान टाकायचं म्हण, मास्तर व्हायचं म्हण. काय बी म्हण, पर तू म्हण."

आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो. तो खरोखर शोधत होता, हे दिसत होतं. कपाळावर घाम आला. एकदा ओठ हलले, आणि मला वाटलं, आता बोलेल. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. चहावर साय धरली.

"तुम्ही सांगाल तसं, आबा," तो म्हणाला.

आबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बरं. जा मंग." आणि रामकिसनचा चेहरा मोकळा झाला, त्यानं उठून सगळ्यांचे कप गोळा केले आणि मोरीत विसळायला बसला.